गुत्त्यात बसून

1930 चा जानेवारी. सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेचे दिवस, त्यामुळे हवेत जरा तरी गारवा. जुन्या मिलचा भोंगा होतो आणि फाटकातून बाहेर पडणाऱ्या लोंढ्यात तुम्हीही असता. भुवयांवर कापसाची भुरी. कोणी घराकडे वळतं, कोणी शिंदीच्या गुत्त्याकडे. तुम्ही दुसऱ्यांच्या मागे जा.

आत आंबूस वास. मडक्यातली शिंदी ताकाच्या निवळीसारखी पांढुरकी, वर फेस. पहाटे झाडावरून उतरवली तेव्हा नुसती गोड नीरा होती. ऊन चढलं तशी फसफसली. आता जिभेला चरचरते. शेजारचा साचेवाला तेलुगूत पुटपुटतो, कानडीत शिवी हासडतो आणि मराठीत उधार मागतो.

गल्ल्यावरचा मान हलवतो. त्याचंही खरंच आहे. झाड छेदायचं तर झाडामागे सरकारचा कर, विकायचं तर परवाना. 1878 च्या अबकारी कायद्यानं सगळं बांधलेलं. गुत्ता म्हणजे मुळात मक्ता. पिण्याच्या जागेला आपण नाव दिलं ते थेट महसुलातलं, याची मला भारी गंमत वाटते.

चार महिने पुढे सरका. 8 मे. गांधीजींना अटक होऊन तीन दिवस झालेत. रूपाभवानीच्या देवळाकडे माणसं निघाली आहेत आणि शिंदीच्या झाडांवर कुऱ्हाडी पडताहेत. गेल्या महिन्यात मीठ, आता शिंदी: तोडायचा तो सरकारचा महसूल. त्या गर्दीत तुमचा साचेवाला आहे का, पाहा. असेलही. पिणारा निराळा आणि पाडणारा निराळा, असं थोडंच असतं?

मग धरपकड, दगड, गोळीबार. शंकर शिवदारे पडतात. 12 मे रोजी शहरात मार्शल लॉ लागतो. याच प्रकरणात पुढच्या 12 जानेवारीला येरवड्यात चौघे फासावर जातात: मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन.

आणखी वीस वर्षं ओलांडा. 1949 च्या कायद्यानं दारूबंदी आलेली, प्यायचं तर प्रकृतीचं कारण दाखवून परमिट काढायचं. गुत्ता गेला, पुढे पाटी आली ती ‘परमिट रूम’. पुन्हा सरकारी कागदाचंच नाव.

आज तिथल्याच एका टेबलाशी बसा. वेटर खारे शेंगदाणे ठेवतो. परमिटाचं नावही काढत नाही.

“पाणी साधं की थंड?”