तेलाच्या दानाचा खांब

नेवाशाच्या पैस खांबाला वारकरी ज्ञानेश्वरीचा खांब म्हणून हात जोडतात. पण खुद्द खांबावर कोरलं आहे ते तेलाबद्दल! करवीरेश्वराला नमस्कार करून हा संस्कृत लेख सांगतो की, लेख कोरवणाऱ्याच्या आजोबांनी पूर्वी देवाच्या तेलाखर्चासाठी दरमहा सहा नाणी लावून दिली होती आणि ती चंद्रसूर्य असेपर्यंत चालू राहावीत. ज्ञानेश्वरांचं नाव त्यात नाही, गीतेचंही नाही. ज्ञानेश्वरीच्या जन्मस्थानी उभ्या असलेल्या दगडावर तेलाचा हिशेब का, हा प्रश्न एकदा डोक्यात शिरला की बाहेर पडत नाही.

बाकीचा इतिहास वाचकांना ठाऊक आहे. प्रवरेकाठचं हे गाव फार जुनं. हसमुख सांकळियांनी 1954 पासून इथं उत्खनन केलं आणि थेट अश्मयुगापर्यंतचे थर उलगडले. शके 1212, म्हणजे 1290 साली, रामदेवराव यादवाच्या राज्यात, ज्ञानेश्वरांनी गीतेवर टीका सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. ज्या खांबाला टेकून ती सांगितली तो हा, असं परंपरा मानते. करवीरेश्वराचं शिवमंदिर काळाच्या ओघात गेलं, खांब राहिला, आणि आज त्याच्याभोवती ज्ञानेश्वरांचं मंदिर उभं आहे. दुर्गाबाई भागवतांनी ‘पैस’ लिहून या खांबाला मराठी साहित्यात कायमची जागा दिली.

आता तेलाकडे येऊ. देवळाला तेल लावून देणं त्या काळी नवलाचं नव्हतं. नंदादीप तेवत ठेवायचा तर कुणीतरी स्वतःला बांधून घ्यावंच लागे. पण चाळीसगावजवळच्या पाटण इथला शिलालेख वाचला आणि मला नेवाशाचा खांब वेगळाच दिसू लागला. गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथं मठ काढला. त्या मठाला दिलेल्या दानांची नोंद शके 1128 च्या या लेखात आहे. लेखाच्या मराठी भागात तेलाच्या घाण्यांचाही वाटा येतो: गावातल्या प्रत्येक घाण्याने मठाला तेल द्यायचं. गणित शिकणाऱ्या मठाला तेल कशाला लागतं? देवापुढच्या दिव्याला तर लागतंच, पण अंधार पडल्यावर पोथी वाचायलाही लागतं.

माझा तर्क इथूनच सुरू होतो. ज्याच्या दिव्याचा खर्च पिढ्यांपूर्वीच कुणीतरी सोसून ठेवलाय, असं देऊळ हे लिहिणाऱ्या-सांगणाऱ्यांना आयतं मिळालेलं ठिकाण. ज्ञानेश्वरी नऊ हजार ओव्यांची. सांगणारे तरुण, ऐकणाऱ्यांची सभा भरलेली, लिहून घेणारा एक. हे काम दिवसाउजेडी आटोपणारं नाही. म्हणून मला वाटतं, नेवाशाला ज्ञानेश्वर आणि त्यांची भावंडं करवीरेश्वराच्या देवळात बसली ती योगायोगाने नव्हे.

यावर पहिला आक्षेप असा की, तेल देवासाठी होतं, लेखकासाठी नव्हे. बरोबर आहे. दान देवालाच होतं. पण गाभाऱ्यातला दिवा सभामंडपात बसलेल्याकडे पाठ फिरवत नाही!

दुसरा आक्षेप वजनदार आहे. ज्ञानेश्वरीच्या अखेरच्या ओव्यांत गोदावरीचा दक्षिण तीर आणि पंचक्रोश क्षेत्र येतं, करवीरेश्वर येत नाही. तिथल्या देवतेचं नाव काही पाठांत ‘महालया’ आहे, काहींत ‘महालसा’. महालसा धरली तर ती नेवाशाचीच मोहिनी. म्हणून काही जण ग्रंथाचा मान मोहिनीराजाच्या देवळाकडे ओढतात. ते देऊळ देखणं आहे, पण आज दिसणारी वास्तू होळकरांचे दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी बांधलेली, अठराव्या शतकातली. तेव्हा दगडाची साक्ष तिथं चालत नाही. ओव्यांचं म्हणाल, तर गावाचा पत्ता ग्रामदेवतेच्या नावाने सांगायची आपली रीतच आहे. पंढरपुरात कुठल्याही फडावर लिहिलेला ग्रंथ विठ्ठलाच्या नगरीत लिहिला, असंच म्हणतील. महालसा हा क्षेत्राचा पत्ता, बसण्याची जागा निराळी. शिवाय ज्ञानेश्वरांचे गुरू निवृत्तीनाथ यांची परंपरा आदिनाथापासून, म्हणजे शंकरापासून सुरू होते. नाथपंथी शिष्य शिवालयात टेकणार, यात नवल ते काय?

पण शिवालयाचा खांब वारकऱ्यांचा कसा झाला? वास्तू कशी मालक बदलते याचं उदाहरण पाहायचं तर हॉलंडच्या युट्रेख्ट शहरात जा. संत मार्टिनचं ते मध्ययुगीन कॅथलिक चर्च 1580 साली प्रॉटेस्टंटांकडे गेलं. 1674 च्या वादळात त्याचा मधला भाग कोसळला आणि 112 मीटर उंचीचा मनोरा चर्चपासून तुटून एकटा उभा राहिला. तो आजही तसाच आहे, मध्ये मोकळा चौक. तिथला मनोरा उंचीनेच नजरेत भरतो. नेवाशाचा खांब माणसाच्या उंचीहूनही लहान. त्याला तारलं ते केवळ त्याला टेकलेल्या माणसाच्या आठवणीने. शैव देवळाचा तुकडा वारकऱ्यांचं तीर्थ झाला, आणि कुणी लेख खरवडून काढला नाही. मराठी मनाचा हा मोठेपणा मानावा लागेल.

म्हणून माझा निवाडा असा: ज्ञानेश्वरीच्या श्रेयात ज्ञानेश्वरांनंतर सच्चिदानंदबाबांचं नाव येतं, त्यांच्या मागे तेलाची सोय करणाऱ्या त्या आजोबांचंही यावं. नेवाशाला गेलात तर खांबाला डोकं जरूर टेका, पण आधी त्यावरची अक्षरं वाचा.