चमकेमागचा निळा रंग

पेशीपटलातले फॉस्फोलिपिड मोजायचे म्हटले की आज प्रयोगशाळेत चमकणारे रसायन आणि प्लेट रीडर पुढे येतात. जुन्या रासायनिक मोजमापाशी या प्रतिदीप्ती चाचणीचे नाते तुटले, असा समज त्यातून होतो. माझ्या मते तो चुकीचा आहे. या चाचणीचे कूळ फॉस्फरसच्या निळ्या रंगात आहे आणि तिला त्याचा आधार अजूनही लागतो.

१९२५ साली लायडेनमध्ये गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी तांबड्या पेशींतला मेद काढून पाण्यावर पसरला आणि पटल दुहेरी थराचे असल्याचा निष्कर्ष काढला. ॲसिटोनने सगळा मेद निघाला नव्हता आणि पेशीचे क्षेत्रफळही कमी धरले गेले होते. दोन चुकांनी एकमेकींना सावरले म्हणून उत्तर बरोबर आले. मोजमाप किती नाजूक असते, ते यावरून कळावे. त्याच वर्षी हार्वर्डमध्ये सायरस फिस्के आणि भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी फॉस्फरस मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली. नमुना तीव्र आम्लात तापवून जाळायचा, सुट्या झालेल्या फॉस्फेटमध्ये मोलिब्डेट आणि नंतर क्षपणक घालायचे. फॉस्फरस जितका जास्त, तितका नळीतला निळा रंग गडद. फॉस्फोलिपिडच्या वजनात फॉस्फरस सुमारे ४ टक्के, म्हणून आलेल्या आकड्याला २५ने गुणले की झाले.  १९५९ साली बार्टलेट यांनी हीच पद्धत अधिक संवेदनशील केली.

१९७७ साली विकरांची वाट खुली झाली. फॉस्फोलिपेज डी रेणूतून कोलिन तोडते, कोलिन ऑक्सिडेज त्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड बनवते आणि पेरॉक्सिडेज त्याचा रंग उमटवते. पुढे शेवटच्या पायरीत ॲम्प्लेक्स रेड आले आणि रंगाच्या जागी रेझोरुफिनची लाल चमक मोजली जाऊ लागली. आम्लात जाळणे टळले, नमुनाही थोडाच पुरतो. मग जुने कशाला, हा प्रश्न रास्तच आहे. पण ही चमक फक्त कोलिन ओळखते. फॉस्फॅटिडिलसेरीन आणि फॉस्फॅटिडिलइथॅनॉलअमीन तिला दिसत नाहीत आणि नमुन्यात आधीपासून सुटे असलेले कोलिन ती हिशेबात धरते. फॉस्फरस पद्धतीलाही अजैविक फॉस्फेट फसवते, हे खरे. पण मेद आधी क्लोरोफॉर्म-मिथेनॉलमध्ये काढून नीट धुतला तर ती अडचण बरीचशी दूर होते. पटलात शिरून चमकणाऱ्या रंगद्रव्यांची गोष्ट आणखी वेगळी: पटल किती प्रवाही आहे यावरही त्यांची चमक बदलते. म्हणून ज्या लिपोसोमशी त्यांची तुलना करायची, त्यांतले फॉस्फोलिपिड बहुधा फॉस्फरसवरूनच ठरवलेले असते.

तेव्हा छत्रपती संभाजीनगरच्या प्रयोगशाळांत हे मोजमाप करणाऱ्यांना एवढीच विनंती: विकरांच्या चमकेवरून आलेल्या आकड्यापुढे ‘एकूण फॉस्फोलिपिड’ लिहू नका, ‘कोलिनयुक्त फॉस्फोलिपिड’ लिहा, आणि निदान काही नमुने फॉस्फरस पद्धतीने ताडून पाहा.