मॉन्ट्रियल स्क्रूजॉब

मॉन्ट्रियल स्क्रूजॉब ही व्यावसायिक कुस्तीच्या इतिहासातील एक वादग्रस्त घटना होय. ९ नोव्हेंबर १९९७ रोजी कॅनडातील मॉन्ट्रियल शहरात वर्ल्ड रेसलिंग फेडरेशनच्या (आताची डब्ल्यूडब्ल्यूई) 'सर्व्हायव्हर सिरीज' या कार्यक्रमात ब्रेट हार्ट आणि शॉन मायकेल्स यांच्यात विजेतेपदाचा सामना झाला. संस्थेचे मालक विन्स मॅकमहन यांनी हार्ट यांना अंधारात ठेवून या सामन्याचा ठरलेला शेवट बदलला. कुस्तीच्या बोलीत कुस्तीगिराशी केलेल्या अशा दगाबाजीस 'स्क्रूजॉब' म्हणतात. त्यावरून हे नाव रूढ झाले.

कथनातील संकेत

व्यावसायिक कुस्तीत सामन्यांचे निकाल आधीच ठरलेले असतात. नायक कोण, खलनायक कोण, कोणी कोणावर केव्हा उलटायचे, हे कथानक रचणारे ठरवतात आणि कुस्तीगीर ते रिंगमध्ये रंगवतात. अनपेक्षित कलाटणी हा या कथनाचा प्राण आहे. परंतु तिने चकित व्हायचे ते प्रेक्षकांनी. रिंगमधील दोघांना शेवट ठाऊक असतो आणि त्या भरवशावरच प्रत्येक जण आपले शरीर प्रतिस्पर्ध्याच्या हाती सोपवतो. मॉन्ट्रियलमध्ये हाच संकेत मोडला गेला.

पार्श्वभूमी

हार्ट यांनी १९९६ मध्ये संस्थेशी २० वर्षांचा करार केला होता. पुढच्याच वर्षी आर्थिक अडचणींमुळे तो पाळणे शक्य नसल्याचे मॅकमहन यांनी त्यांना कळवले व प्रतिस्पर्धी वर्ल्ड चॅम्पियनशिप रेसलिंग (डब्ल्यूसीडब्ल्यू) या संस्थेशी बोलणी करण्याची मुभा दिली. हार्ट यांनी तेथे जाण्याचे मान्य केले. त्या वेळी विजेतेपद त्यांच्याकडेच होते. त्यामुळे ते कोठे आणि कोणाकडून गमवायचे, हा प्रश्न निर्माण झाला.

१९९७ च्या कथानकात हार्ट हे अमेरिकेत खलनायक, तर मायदेशी कॅनडात राष्ट्रीय नायक म्हणून रंगवले जात होते. मायकेल्स यांच्याशी त्यांचे वैर पडद्यामागेही खरे होते. कॅनडाच्या भूमीवर मायकेल्स यांच्याकडून हरण्यास त्यांनी नकार दिला. करारातील शेवटच्या ३० दिवसांत आपल्या व्यक्तिरेखेविषयी वाजवी प्रमाणात निर्णय घेण्याचा अधिकार त्यांना होता. दुसरीकडे, १९९५ मध्ये अलंड्रा ब्लेझ यांनी महिला विजेतेपदाचा पट्टा डब्ल्यूसीडब्ल्यूच्या कार्यक्रमात कचऱ्याच्या डब्यात टाकला होता. त्याची पुनरावृत्ती होईल, अशी धास्ती मॅकमहन यांना होती.

सामना

दोन्ही गटांतील इतर कुस्तीगीर मध्ये पडावेत, सामना अपात्रतेने संपावा आणि हार्ट यांनी नंतर विजेतेपद सोडावे, असे त्यांच्याशी ठरले होते. अपात्रतेने पट्ट्याचे हस्तांतरण होत नसल्यामुळे हा मार्ग त्यांना मान्य होता. सामन्यात मायकेल्स यांनी हार्ट यांचाच प्रसिद्ध 'शार्पशूटर' हा पायांचा पेच त्यांच्यावर टाकला. हार्ट यांनी शरणागती पत्करली नसतानाही पंच अर्ल हेब्नर यांनी सामना संपवण्याची खूण केली. रिंगजवळ उभ्या असलेल्या मॅकमहन यांनी ओरडून घंटा वाजवण्यास फर्मावले आणि मायकेल्स विजेते घोषित झाले.

संतप्त हार्ट मॅकमहन यांच्या तोंडावर थुंकले, हवेत बोटाने नव्या संस्थेची आद्याक्षरे काढली आणि रिंगजवळील उपकरणे फोडली. नंतर पोशाखकक्षात त्यांनी मॅकमहन यांना ठोसा मारला. आपल्याला कटाची कल्पना नव्हती, असे मायकेल्स त्या वेळी सांगत राहिले. पुढे त्यांनी आपला सहभाग मान्य केला.

परिणाम

त्या काळात हार्ट यांच्यावर माहितीपट तयार होत होता. पॉल जे दिग्दर्शित 'हिटमॅन हार्ट: रेसलिंग विथ शॅडोज' (१९९८) मध्ये या दिवसांचे प्रत्यक्ष चित्रण आढळते. तरीही हा सारा प्रकार हार्ट यांच्या संमतीने रचलेला बनाव होता, असे मानणारेही आहेत.

तोवर प्रेक्षकांना मॅकमहन प्रामुख्याने समालोचक म्हणून परिचित होते. या घटनेनंतर उसळलेल्या खऱ्या रोषातून 'मिस्टर मॅकमहन' ही जुलमी मालकाची व्यक्तिरेखा घडली. स्टीव्ह ऑस्टिन यांच्याशी तिचा संघर्ष १९९८ मधील मुख्य कथानक ठरला. त्याच वर्षीच्या 'सर्व्हायव्हर सिरीज'मध्ये द रॉक आणि मॅनकाइंड यांच्या अंतिम सामन्याचा शेवट मॉन्ट्रियलसारखाच करण्यात आला. या वेळी मात्र तो संहितेचा भाग होता. खरी फसवणूक अशा रीतीने वर्षभरात कथनाची एक क्लृप्ती बनली.

समेट

हार्ट यांचा २००६ मध्ये संस्थेच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये समावेश झाला. ४ जानेवारी २०१० रोजी 'रॉ' कार्यक्रमात परतून त्यांनी मायकेल्स यांच्याशी जाहीर समेट केला. त्याच वर्षी 'रेसलमेनिया २६' मध्ये त्यांनी मॅकमहन यांना शार्पशूटरनेच शरण आणले. हा निकाल दोघांनाही आधीपासून ठाऊक होता.