एका कल्पित कुटुंबाची कथा आणि खुनाच्या खटल्यांची मुदत

दुसऱ्या महायुद्धात नाझी राजवटीने सुमारे ६० लाख ज्यूंची पद्धतशीर हत्या केली, याविषयीच्या माहितीची युद्धोत्तर पश्चिम जर्मनीत उणीव नव्हती. आउश्वित्झ छावणीतील कर्मचाऱ्यांवर १९६३ ते १९६५ या काळात फ्रँकफुर्टला चाललेल्या खटल्याची वार्तापत्रे दैनिकांत सविस्तर छापून येत होती आणि त्यातील साक्षींवर बेतलेले पेटर वाइस यांचे नाटक ऑक्टोबर १९६५ मध्ये एकाच दिवशी अनेक रंगमंचांवर झाले होते. तरीही हा विषय घरोघरी उघडपणे बोलला जाण्यासाठी १९७९ साल उजाडावे लागले, आणि त्याला निमित्त झाले एका कल्पित कुटुंबाचे.

जेराल्ड ग्रीन यांनी लिहिलेली व मार्विन चॉम्स्की यांनी दिग्दर्शित केलेली ‘होलोकॉस्ट’ ही चार भागांची मालिका एप्रिल १९७८ मध्ये अमेरिकेतील एनबीसी वाहिनीवरून प्रसारित झाली. बर्लिनमधील डॉक्टर योझेफ वाइस, त्यांची पत्नी आणि तीन मुले यांची वाताहत तीत दाखवली आहे. मुलगी ॲना बलात्काराच्या आघाताने खचते आणि तिची रवानगी हाडामार येथे होते. मनोरुग्ण व अपंग व्यक्तींना जगण्यास अपात्र ठरवून ठार मारण्याच्या सरकारी योजनेखाली या संस्थेत १९४१ मध्ये १० हजारांहून अधिक माणसे विषारी वायूने मारली गेली होती.

थोरला मुलगा कार्ल चित्रकार असून टेरेझिनश्टाटच्या बंदिस्त वस्तीत तो चोरून खरी परिस्थिती रेखाटतो आणि पकडला जातो. या कथाभागाला भक्कम आधार आहे. तेथील आरेखन कचेरीत बेडरिख फ्रिटा, लिओ हास आदी कैदी चित्रकार अधिकाऱ्यांच्या हुकमाने नकाशे व तक्ते काढत आणि मिळेल त्या कागदावर उपासमार, रांगा व प्रेते लपूनछपून चितारत. जून १९४४ मध्ये रेड क्रॉसच्या पाहणीसाठी ती वस्ती रंगरंगोटी करून सजवण्यात आली, आणि पुढच्याच महिन्यात हे चित्रकार पकडले गेले. फ्रिटा त्याच वर्षी आउश्वित्झमध्ये मरण पावले. हास वाचले आणि लपवलेली चित्रे युद्धानंतर हाती आली.

मालिकेवर कठोर टीकाही झाली. आउश्वित्झमधून वाचलेले लेखक एली वीझेल यांनी तिने या संहाराला क्षुल्लक रूप दिल्याचा आरोप केला, आणि तो निराधार म्हणता येत नाही. कारण एकाच कुटुंबातील माणसे संहाराच्या जवळपास प्रत्येक कुप्रसिद्ध ठिकाणी नेमकी हजर असणे इतिहासाला धरून नाही, आणि अमेरिकेत अशा प्रसंगांच्या मध्ये जाहिराती दाखवल्या गेल्या, हे तर अश्लाघ्यच होते.

पश्चिम जर्मनीत राष्ट्रीय वाहिनीऐवजी प्रादेशिक वाहिन्यांवरून जानेवारी १९७९ मध्ये मालिका दाखवण्याचे ठरले. प्रसारणाच्या काही दिवस आधी, याच विषयावरील माहितीपट चालू असताना, अतिउजव्या गटांनी कोब्लेन्झ व म्युन्स्टरजवळच्या प्रक्षेपण यंत्रणांवर बाँबस्फोट घडवले. एवढे करूनही सुमारे दोन कोटी लोकांनी मालिकेचा निदान काही भाग पाहिला. प्रत्येक भागानंतर इतिहासकार व छळातून वाचलेल्या व्यक्ती प्रेक्षकांच्या प्रश्नांना थेट उत्तरे देत आणि दूरध्वनींची संख्या हजारोंत गेली. मालिकेचा खरा परिणाम या चर्चांमुळे साधला, असेच म्हणावे लागते. कथेने ज्या गोष्टी ढोबळपणे उभ्या केल्या, त्यांतील खरे-खोटे तेथे जाणकारांनी निवडून दिले.

त्याच सुमारास संसदेपुढे एक निकडीचा प्रश्न होता. जर्मन कायद्यानुसार गुन्ह्यावर खटला भरण्यास कालमर्यादा असे. खुनासाठीची ही मुदत नाझी गुन्ह्यांच्या संदर्भात १९६५ व १९६९ मध्ये लांबवण्यात आली होती आणि आता ती १९७९ च्या अखेरीस संपणार होती. मुदत संपू दिली असती, तर तोवर ज्यांच्याविरुद्ध कारवाई सुरू झाली नव्हती असे गुन्हेगार कायमचे सुटले असते. हा वाद मालिकेआधीपासूनच चालू होता, त्यामुळे निर्णयाचे सारे श्रेय तिला देणे अतिशयोक्तीचे ठरेल. मात्र तिने जागवलेल्या लोकमताचे वजन नाकारता येत नाही. ३ जुलै १९७९ रोजी २५५ विरुद्ध २२२ मतांनी खुनासाठीची कालमर्यादा रद्द झाली. त्यामुळेच आउश्वित्झमध्ये कैद्यांच्या लुटलेल्या पैशांचा हिशेब ठेवणारे ऑस्कर ग्रोनिंग यांच्यावर वयाच्या नव्वदीनंतरही खटला चालू शकला, आणि २०१५ मध्ये ल्युनेबुर्गच्या न्यायालयाने त्यांना तीन लाख हत्यांना साहाय्य केल्याबद्दल चार वर्षांची शिक्षा सुनावली.