अंधकल्याण संस्था : हिशेब व कारभाराचे मूल्यमापन

अंध आणि अल्पदृष्टी व्यक्तींसाठी शाळा, वसतिगृह, कार्यशाळा, ब्रेल छापखाना किंवा नेत्ररुग्णालय चालवणाऱ्या धर्मादाय संस्थेकडे आलेला पैसा कुठे गेला आणि तो कोणाच्या निर्णयाने गेला, याची देणगीदाराने, अनुदान देणाऱ्या शासनाने किंवा खुद्द लाभार्थींनी केलेली तपासणी. हिशेब आणि कारभार या तिच्या दोन बाजू. एकीचा उलगडा दुसरीशिवाय होत नाही. बहुतेक देणगीदार मात्र पहिलीवरच थांबतात.

पुण्याचे उदाहरण घ्यावे. शहरालगतच्या मुळशी तालुक्यातील हिंजवडी येथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे राजीव गांधी इन्फोटेक पार्क आहे. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३५ नुसार ५०० कोटी रुपये नक्त मूल्य, १,००० कोटी उलाढाल किंवा ५ कोटी निव्वळ नफा यांपैकी एक मर्यादा गाठणाऱ्या कंपनीला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. हा सीएसआर निधी आणि कर्मचाऱ्यांच्या वैयक्तिक देणग्या आयटी पार्कमधून निघतात. घेणाऱ्या जुन्या संस्था मात्र शहराच्या दुसऱ्या टोकाला आहेत : कोरेगाव पार्कची १९३४ सालची पुणे अंधशाळा, १९५२ पासूनची पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशन, आळंदीची अंध मुलींची जागृती शाळा. देणाऱ्याने संस्था एखाद्या भेटीत पाहिलेली असते, तीही पाहुणे येणार म्हणून आवरलेली. बाकी सगळा भरवसा कागदावर.

नोंदणी. महाराष्ट्रातील बहुतेक संस्थांची नोंद महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय आयुक्तांकडे असते. अनेक संस्था १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखालीही नोंदलेल्या असतात आणि त्यांच्या नोंदणी क्रमांकाआधी ‘एफ’ हे अक्षर येते. दिव्यांगांसाठी संस्था चालवण्यास दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ खाली स्वतंत्र प्रमाणपत्र लागते. सीएसआरचे काम राबवणाऱ्या संस्थेला १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ क्रमांक घ्यावा लागतो, तर परदेशी देणगीसाठी २०१० च्या परकीय अभिदाय अधिनियमाखालील नोंदणी आणि नवी दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतले खाते बंधनकारक आहे. हे सगळे क्रमांक खरे असले तरी त्यांवरून संस्था अस्तित्वात आहे एवढेच सिद्ध होते. देणगीपत्रकावर ते ठळक छापण्याची चढाओढ पाहता हे सांगणे भाग आहे.

हिशेबपत्रके. ताळेबंद सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाखालील नियमांच्या अनुसूची आठमध्ये आणि उत्पन्न-खर्च पत्रक अनुसूची नऊमध्ये ठरलेल्या नमुन्यात द्यावे लागते. हा नमुना जुना आहे, पण जाणत्या हातांनी केलेला आहे. ताळेबंदात ‘उचल’ या शीर्षाखाली विश्वस्तांना, नोकरांना, ठेकेदारांना आणि वकिलांना दिलेल्या रकमा वेगवेगळ्या दाखवायच्या असतात. विश्वस्तांकडील उचल वर्षानुवर्षे त्याच आकड्यावर उभी असेल, तर ती परत येणार नाही असे धरून पुढची पाने वाचावीत. रोख शिल्लक विश्वस्ताकडे किती आणि व्यवस्थापकाकडे किती, हेही तिथेच कळते.

डाव्या बाजूला कायम निधी आणि ठरावीक कामासाठीचे राखीव निधी असतात. अंधांच्या वसतिगृहांत ‘तिथी भोजन’ ही जुनी पद्धत आहे : आईच्या पुण्यतिथीला किंवा मुलाच्या वाढदिवसाला मुलांना जेवण, त्यासाठी एकदाच दिलेली ठेव आणि तिच्या व्याजातून दरवर्षीचा खर्च. देणगीदाराने लेखी सांगितले असेल तर ही रक्कम कायम निधीत जमा होते. ती मोडून पगार भागवता येत नाही. म्हणून कायम निधीचा आकडा आणि उजव्या बाजूच्या गुंतवणुकीचा आकडा शेजारी ठेवून पाहावेत. निधी ४० लाखांचा आणि मुदत ठेवी २२ लाखांच्या असतील, तर उरलेले १८ लाख कशात आहेत हे संस्थेने सांगायला हवे. इमारतीत गेले असतील तर तसा ठराव दाखवता येतो.

सीएसआरमुळे एक नवीच अडचण आली आहे. कंपन्या वर्ष संपताना रकमा सोडतात आणि ३१ मार्चला संस्थेच्या खात्यात पैसा फुगलेला दिसतो. तो पडून राहिलेला नसतो, पुढच्या वर्षीच्या कामाला बांधलेला असतो. एकाच तारखेच्या शिलकीवरून संस्थेला श्रीमंत ठरवणे चुकीचे. निदान तीन वर्षांचे ताळेबंद ओळीने मांडून पाहायला हवेत.

वार्षिक गठ्ठ्यातला सर्वांत वाचनीय कागद म्हणजे नियम १९ खालील लेखापरीक्षकाचा अहवाल, आणि तोच सहसा कोणी उघडत नाही. लेखापरीक्षकाला त्यात ठरावीक प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. तपासणीच्या दिवशी रोख आणि पावत्या हिशेबाशी जुळल्या का? घटनेप्रमाणे विश्वस्तांची किमान व कमाल संख्या राखली का? सभा नियमाने झाल्या का, इतिवृत्ताचे पुस्तक आहे का? एखादा विश्वस्त संस्थेचा ऋणको किंवा धनको आहे का? गेल्या वर्षी दाखवलेल्या उणिवा दुरुस्त झाल्या का? बहुतेक अहवालांत रकान्यापुढे ‘होय’, ‘नाही’, ‘लागू नाही’ एवढेच असते. तरी शेवटच्या प्रश्नापुढे सलग तीन वर्षे ‘लागू नाही’ लिहिलेले आढळले, तर लेखापरीक्षकाने खरेच काही पाहिले का, ही शंका घ्यायला जागा राहते.

प्रशासकीय खर्चाचे प्रमाण. ‘माझ्या शंभर रुपयांतले किती अंधांपर्यंत पोचतात?’ हा प्रश्न लोकप्रिय आहे आणि बराचसा फसवा आहे. अनुसूची नऊमध्ये एकीकडे आस्थापना खर्च आणि दुसरीकडे न्यासाच्या उद्दिष्टांवरील खर्च (शैक्षणिक, वैद्यकीय, दारिद्र्य निवारण वगैरे) अशी विभागणी आहे. समजा, एका निवासी शाळेचा वर्षाचा खर्च १ कोटी आहे. त्यात ब्रेल व मोबिलिटी शिकवणाऱ्या शिक्षकांचे पगार ४५ लाख आणि कार्यालयाचा खर्च १५ लाख. पगार ‘शैक्षणिक’मध्ये दाखवले तर आस्थापना खर्च १५ टक्के होतो, आस्थापनेत घातले तर ६० टक्के. शाळा तीच, शिक्षक तेच. पांढरी काठी धरून रस्ता ओलांडायला शिकवणे हे एका वेळी एकाच विद्यार्थ्याला शिकवण्याचे काम आहे. तिथे पगार हाच सेवेचा खर्च असतो आणि तो कमी दाखवण्याचे बक्षीस देणारा देणगीदार नकळत शिक्षक कमी करायला सांगत असतो. परकीय अभिदायाच्या कायद्याने २०२० मध्ये प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आणली. त्याच कायद्याच्या नियमांनी शाळेतील शिक्षकांचे आणि रुग्णालयातील डॉक्टरांचे पगार त्यातून वगळलेले आहेत. अमेरिकेत धर्मादाय संस्थांचे मूल्यमापन करणाऱ्या गाइडस्टार, चॅरिटी नेव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स या तीन संघटनांनीच २०१३ मध्ये खुले पत्र काढून एकट्या या प्रमाणावर विसंबू नका, असे देणगीदारांना सांगितले होते.

कंपन्यांच्या बाबतीत आणखी एक गैरसमज रूढ आहे. सीएसआर नियमांतील ५ टक्के प्रशासकीय खर्चाची मर्यादा कंपनीने स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सामान्य व्यवस्थापनावर केलेल्या खर्चाला लागू होते. ती संस्थेच्या माथी मारून ‘पगारासाठी ५ टक्क्यांच्या वर मागू नका’ असे सांगण्याला नियमांत आधार नाही.

रुग्णालय चालवणाऱ्या संस्थेचा एकत्रित हिशेब पुरेसा ठरत नाही. पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशनचे एच. व्ही. देसाई नेत्ररुग्णालय हे पुण्यातील ठळक उदाहरण : एकाच छत्राखाली अंधत्व टाळण्याचे आणि अंधांच्या पुनर्वसनाचे अशी दोन कामे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया थोड्या वेळात होते, तर अंध तरुणाला संगणक शिकवून नोकरीपर्यंत नेण्यात वर्षे जातात. दोन्हींचा ‘प्रति लाभार्थी खर्च’ एका रकान्यात काढला तर पुनर्वसन नेहमीच महाग आणि म्हणून वायफळ दिसेल. अशा संस्थेकडे विभागवार हिशेब मागावा.

साहित्यवाटप. पांढऱ्या काठ्या, ब्रेल पाट्या, बोलणारी घड्याळे यांच्या वाटपाची छायाचित्रे सर्वांनाच हवी असतात. याच वस्तू केंद्र शासनाच्या एडिप योजनेतूनही मिळतात. त्यामुळे एकाच शिबिरातील काठ्या दोन देणगीदारांच्या अहवालांत दिसत नाहीत ना, हे साठा नोंदवही आणि खरेदीची बिले जुळवून पाहावे लागते. संगणक कक्षाच्या अंदाजपत्रकात स्क्रीन रीडरची (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरची) मोठी रक्कम असेल तर कोणता, हे विचारावे : एनव्हीडीए मोफत मिळतो, जॉजला परवाना विकत घ्यावा लागतो. जॉज घेण्याची कारणे असू शकतात, ती संस्थेतल्या अंध प्रशिक्षकाला विचारावीत. उलट, परीक्षेला लेखनिक म्हणून बसणाऱ्या किंवा पुस्तके ध्वनिमुद्रित करणाऱ्या स्वयंसेवकांचा वेळ कोणत्याच ताळेबंदात येत नाही.

जमीन. ताळेबंदात जमीन बहुधा खरेदीच्या किमतीला दाखवलेली असते. पन्नास वर्षांपूर्वी दान मिळालेला भूखंड कागदावर काही हजारांचा आणि बाजारात काही कोटींचा, ही स्थिती आयटी पार्कच्या आसपासच्या पट्ट्यात नवलाची नाही. विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६ नुसार न्यासाच्या स्थावर मालमत्तेची विक्री, अदलाबदल किंवा दान, तसेच शेतजमिनीचा दहा वर्षांहून आणि इतर जमीन वा इमारतीचा तीन वर्षांहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय करता येत नाही. लहान संस्थेच्या विश्वस्त मंडळात अचानक बांधकाम व्यवसायातले दोन-तीन चेहरे आले, तर हिशेबाआधी सातबारा पाहावा.

कारभार. विश्वस्त कोण, याचे कायदेशीर उत्तर धर्मादाय कार्यालयातील परिशिष्ट-१ च्या उताऱ्यात मिळते. विश्वस्त बदलला की कलम २२ खाली नव्वद दिवसांत बदल अर्ज, बोली भाषेत चेंज रिपोर्ट, दाखल करावा लागतो. वाद झाला की हे अर्ज वर्षानुवर्षे प्रलंबित राहतात. उताऱ्यावर दिवंगत विश्वस्तांची नावे तशीच असतात आणि धनादेशावर सही तिसराच करत असतो. एकाच घरातले तीन विश्वस्त असणे बेकायदा नाही. मात्र संस्थेची इमारत, छपाई किंवा किराणा त्याच घराकडून येत असेल, तर दरपत्रके आणि त्या विश्वस्ताने मतदानात भाग न घेतल्याची इतिवृत्तातील नोंद मागणे रास्त आहे.

अंधांच्या संस्थेत याहून मूलभूत प्रश्न असा की मंडळावर अंध व्यक्ती किती आणि त्यांना हिशेब वाचता येतो का. सभेच्या आदल्या संध्याकाळी पाठवलेला ताळेबंद पुष्कळदा सही-शिक्क्याच्या कागदाचा स्कॅन असतो. स्क्रीन रीडरसाठी ते केवळ चित्र; तो ‘ग्राफिक’ म्हणून पुढे जातो. अंध विश्वस्ताला मग खजिनदार मोठ्याने वाचतील तेवढेच आकडे कळतात, आणि कोणते वाचायचे हे खजिनदार ठरवतात. तोच ताळेबंद एक्सेलमध्ये पाठवायला काहीही खर्च येत नाही. अंधांसाठी लाखोंची ब्रेल यंत्रे घेणारी संस्था आपल्या अंध सभासदांना वाचता येईल असा वार्षिक अहवाल काढत नसेल, तर या नोंदीच्या मते तो तिच्या कारभाराचा दोष आहे, तांत्रिक किरकोळ बाब नव्हे.

हिशेब बिनचूक आणि कारभार ढासळलेला असू शकतो, याचे मोठे उदाहरण ब्रिटनमधले आहे. १८६८ मध्ये स्थापन झालेल्या रॉयल नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ब्लाइंड पीपल या संस्थेच्या कॉव्हेंट्री येथील पियर्स सेंटर या निवासी केंद्रात बहुविकलांग मुलांच्या देखभालीत गंभीर त्रुटी आढळल्या. त्या देशातील धर्मादाय नियामक चॅरिटी कमिशनने २०१८ मध्ये चौकशी सुरू केली आणि २०२० च्या अहवालात संस्थेच्या कारभारावर कठोर ठपका ठेवला. मंडळाची केंद्रावरची देखरेख अपुरी होती. पैशाच्या अफरातफरीचा तिथे मुद्दाच नव्हता. वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेकडे बालसुरक्षेचे धोरण, तक्रारींची नोंदवही आणि त्या तक्रारी मंडळाच्या सभेत आल्याची नोंद मागायची ती याचसाठी.

किरकोळ देणगी. फोनवरून विकली जाणारी अंध कलाकारांच्या वाद्यवृंदाची तिकिटे आणि व्हॉट्सॲपवर फिरणारे क्यूआर कोड हिंजवडीतल्या नोकरदाराच्या ओळखीचे आहेत. यूपीआयने पैसे पाठवण्याआधी खातेदाराचे नाव पडद्यावर येते. तिथे संस्थेऐवजी व्यक्तीचे नाव दिसले तर थांबावे. १९६१ च्या आयकर अधिनियमातील ८० जी सवलतीत २,००० रुपयांवरील रोख देणगी बसत नाही आणि सवलतीसाठी संस्थेने फॉर्म १० बीई हे प्रमाणपत्र द्यायचे असते. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम, २०२५ लागू झाल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत.

कागद मिळवणे व दाद. शासनाकडून मोठ्या प्रमाणावर निधी घेणाऱ्या स्वयंसेवी संस्था माहिती अधिकाराच्या कक्षेत येतात, असे सर्वोच्च न्यायालयाने डी. ए. व्ही. कॉलेज ट्रस्ट प्रकरणात २०१९ मध्ये स्पष्ट केले. वेतन अनुदानावर चालणाऱ्या अंधशाळांबाबत या निर्णयाचा आधार घेता येतो. गैरव्यवहाराचा पुरावा असल्यास हितसंबंधित व्यक्ती धर्मादाय आयुक्तांकडे जाऊ शकते : विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ ए खाली आयुक्त विश्वस्तांना निर्देश देतात, कलम ४१ डी खाली त्यांना निलंबित किंवा बडतर्फ करता येते, आणि कलम ५० ए खाली संस्थेसाठी नवी योजना आखता येते.