बाटलीवरचा 211

रमजानच्या खरेदीत सरबताची बाटली हाती आली की मी आधी मागची बारीक अक्षरे वाचतो. हलाल आहे ना, एवढेच पाहायची आपली सवय. परवा नजर 211 या आकड्यावर थांबली. 211 म्हणजे सोडियम बेंझोएट, सरबत टिकवणारे रसायन. त्यामागे बारा तरुणांची हकिगत आहे.

1902 साली वॉशिंग्टनमध्ये कृषी खात्याचे मुख्य रसायनतज्ज्ञ हार्वे वायली यांनी बारा स्वयंसेवक जमवले. जेवण फुकट, पण त्यासोबत टाकणखार पोटात घ्यायचा. तेव्हा लोणी, मांस टिकवायला तो सर्रास वापरत. पुढे सॅलिसिलिक आम्ल, फॉर्माल्डिहाइड, बेंझोएट यांची पाळी आली. तरुणांची भूक मेली, डोकी-पोटे दुखू लागली. लोक त्यांना 'विषपथक' म्हणू लागले. 30 जून 1906 रोजी अमेरिकेत शुद्ध अन्न व औषध कायदा झाला, त्यात या पंगतीचा वाटा मोठा.

बेंझोएटच्या बाबतीत मात्र वायली हरले. 1909 मध्ये आयरा रेमसेन यांच्या समितीने ते अल्प प्रमाणात निरुपद्रवी ठरवले. 1912 मध्ये वायलींनी नोकरी सोडली. बेंझोएट बाजारात राहिले.

मग बरोबर कोण? मला वाटते, दोघेही. किती घातले याला महत्त्व आहे, हे समितीचे खरे. आणि खाणाऱ्याला अंधारात ठेवू नये, हे वायलींचे खरे. हलाल-हराम पाहताना हाही प्रश्न विचारायला हवा. आकडा छापलेला असतो. तो वाचणे आपल्या हाती आहे.