शत्रूच्या पत्नीला लिहिलेलं पत्र

लढाईची गोष्ट म्हटली की कोण जिंकलं आणि कोण हरलं, एवढंच आपल्या कानावर येतं. आजची गोष्टही लढाईचीच आहे, पण तिच्यात एक पत्र आहे.

दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर आटाकामा नावाचं कोरडं वाळवंट आहे. तिथे सोरा सापडतो. तो खतालाही लागतो आणि बंदुकीच्या दारूलाही. त्याच्या उत्पन्नावरून १८७९ साली चिली एका बाजूला आणि पेरू व बोलिव्हिया दुसऱ्या बाजूला असं युद्ध पेटलं. वाळवंटातून फौज नेणं कठीण, त्यामुळे ज्याच्या हाती समुद्र, त्याचीच सरशी होणार होती.

पेरूकडे ‘हुआस्कर’ हे लोखंडी चिलखताचं जहाज होतं. त्याचे कप्तान होते मिगेल ग्राऊ. २१ मे रोजी इकीके बंदरासमोर त्यांची गाठ चिलीच्या ‘एस्मेराल्दा’ या जुन्या लाकडी जहाजाशी पडली. हुआस्करने धडक दिली, तेव्हा तिचा ३१ वर्षांचा कप्तान आर्तुरो प्रात हातात तलवार घेऊन शत्रूच्या जहाजावर उडी मारून चढला आणि तिथेच मारला गेला. तिसऱ्या धडकेत एस्मेराल्दा बुडाली. ग्राऊंनी लगेच होड्या सोडल्या आणि पाण्यात पडलेल्या शत्रूच्या खलाशांना वाचवलं.

नंतर, २ जूनला, त्यांनी प्रातची विधवा कार्मेला कार्वाहाल हिला पत्र लिहिलं. तिच्या नवऱ्याच्या शौर्याचा मान राखला, तिचं सांत्वन केलं, आणि त्याची तलवार, लग्नाची अंगठी, जवळ बाळगलेली छायाचित्रं असं सगळं जपून परत पाठवलं. कार्मेलानेही उत्तर दिलं. त्यात दोष देणं नव्हतं, आभार होते.

इकीकेच्याच दिवशी पेरूचं दुसरं मोठं चिलखती जहाज खडकावर आदळून गेलं होतं. त्यामुळे पुढचे चार महिने हुआस्कर जवळजवळ एकटंच चिलीच्या आरमाराला हुलकावण्या देत राहिलं. ते मोकळं असेपर्यंत पेरूच्या किनाऱ्यावर सैन्य उतरवण्याची चिलीला धास्ती होती.

अखेर ८ ऑक्टोबरला अंगामोस भूशिराजवळ ‘कोक्रेन’ आणि ‘ब्लांको एनकालादा’ या दोन चिलखती जहाजांनी त्याला कोंडीत पकडलं. दोन्ही त्याच्याहून मोठी, दोन्हींचं चिलखत जाड. कोक्रेनचा एक गोळा कप्तानाच्या बुरुजावर फुटला आणि ग्राऊ जागीच गेले. त्यांच्यामागून जे अधिकारी सूत्रं हाती घेत गेले, तेही एकेक करून पडले. शेवटी उरलेल्यांनी जहाज बुडवायला झडपा उघडल्या, पण चिलीचे सैनिक वर चढले आणि त्यांनी त्या बंद केल्या. दीड तासाच्या आसपास सगळं आटोपलं. पुढच्याच महिन्यात चिलीची फौज पेरूच्या किनाऱ्यावर उतरली.

आणि घरी ग्राऊंची पत्नी दोलोरेस काबेरो, पदरात मुलं घेऊन, विधवा झाली. कार्मेलाच्या दारी मे महिन्यात आलेलं दुःख ऑक्टोबरात तिच्या दारी आलं.

हुआस्कर आज चिलीच्या तालकाहुआनो बंदरात संग्रहालय म्हणून उभं आहे. ज्या जहाजावर दोघेही कप्तान पडले, तिथे दोघांचीही आठवण जपली जाते. पेरूत ग्राऊंना ‘समुद्रांचा सरदार’ म्हणतात, आणि हे नाव सांगताना लोक त्यांच्या तोफांइतकंच त्या पत्राबद्दलही बोलतात. लढणं त्यांचं कर्तव्य होतं. पत्र लिहा, असं मात्र त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.